लेथ घरी आणल्यानंतर

प्रश्न : कोल्हापूरच्या उद्यमनगरातून साडेचार फुटी जुना लेथ (धातू फिरवत ठेवून कापायचं यंत्र) घेतोय. चक (जॉब म्हणजे कामाचा तुकडा पकडणारा पंजा), टूल पोस्ट (कापायचं टूल धरणारा भाग) सोबत आहे. आणखी किती खर्च धरावा? (राजारामपुरी)

उत्तर : लेथला मोजाल तेवढेच पैसे पुन्हा बाजूला काढून ठेवा. पहिला खर्च विजेचा. जुन्या लेथवर बहुधा थ्री फेज मोटर, घरात मात्र सिंगल फेज. म्हणून मोटर काढून टाकायची घाई नको. टर्मिनल बॉक्स उघडा. सहा टोकं बाहेर असतील आणि नेमप्लेटवर २४० व्होल्टला डेल्टा (वाइंडिंगची त्रिकोणी जोडणी) लिहिलं असेल, तर पट्ट्या डेल्टाला बदलून सिंगल फेज इनपुटचा व्हीएफडी (सिंगल फेज घेऊन मोटरला थ्री फेज देणारा डबा) जोडा. तीनच टोकं असतील तर बहुधा स्टारची गाठ (तिन्ही वाइंडिंगची टोकं एकत्र बांधलेली जागा) वाइंडिंगच्या आत असते. ती रिवाइंडिंगवाल्याकडून बाहेर काढून घ्यावी लागेल. व्हीएफडी आणि मोटर यांच्यामधला जुना रिव्हर्स स्विच काढाच. चालू मोटर त्या स्विचने तोडली की व्हीएफडी उडतो.

इन्सर्टच्या (बदलता येणाऱ्या कार्बाइड पात्यांच्या) टूलांचा चकचकीत सेट मात्र एवढ्यात नको. २५ मिमी एमएस (साध्या पोलादाच्या) बारवर कार्बाइडला कापण्याचा वेग मिनिटाला १०० मीटर धरला तर साधारण १,२७० आरपीएम लागतात. जुना लेथ सहसा तिथवर पोचत नाही. एचएसएसला (हाय स्पीड स्टीलच्या टूलला) ३० मीटर पुरतात, म्हणजे ३८० आरपीएम. एचएसएसचे चौकोनी बिट आणि बेंच ग्राइंडर घ्या. वाचलेल्या पैशांत ०–२५ मिमीचा मायक्रोमीटर आणि मॅग्नेटिक बेससकट डायल गेज येऊ द्या.

बार नवा कशाला? तुकडे वजनावर मिळतात. मिमीमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, की पोलादाच्या गोल बारच्या एका मीटरचं वजन किलोत. ४० मिमीचा फूटभर तुकडा तीन किलो भरतो. काट्यावर हे ध्यानात ठेवा.

प्रश्न : १५० मिमी लांबीत बाहेरच्या टोकाचा व्यास ०.०८ मिमीने जास्त येतो. चक बदलू का? (कसबा बावडा)

उत्तर : नको. चक खराब असला तर जॉब पकडताना डगडगतो, पण एकदा टर्न केलं की तो भाग चकामुळे निमुळता होत नाही. बेडला (लेथच्या लांब पाट्याला) पीळ आहे का ते आधी बघा. २५ ते ३० मिमीचा बार चकात धरून १५० मिमी बाहेर काढा, टेलस्टॉक (चकासमोरचा, दुसऱ्या टोकाचा आधार) लावू नका. दोन्ही टोकांना २० मिमीचे पट्टे ठेवून मधला भाग थोडा उतरवा. धारदार एचएसएस टूलने, क्रॉस स्लाइड (टूल आत-बाहेर नेणारा भाग) न हलवता, दोन्ही पट्ट्यांवर ०.०५ मिमीचा एकच कट घ्या आणि मोजा. कट जाड घेतलात तर बारच वाकतो आणि माप फसवतं.

बाहेरचा पट्टा अजूनही मोठा आला, तर टेलस्टॉककडच्या पुढच्या (तुमच्या बाजूच्या) पायाखाली पातळ शिम (पत्र्याची चकती) घाला, बोल्ट आवळा, पुन्हा कट घ्या. पत्र्याच्या शिमऐवजी पुठ्ठा घालणारे आहेत. पावसाळ्यात तो फुगतो, मग सगळं पहिल्यापासून.

प्रश्न : बिडाचं (कास्ट आयर्नचं) कास्टिंग लेथवर कापताना टूलचं टोक लगेच जातं. (गोकुळ शिरगाव)

उत्तर : वरच्या कातडीत वाळू आणि कडकपणा असतो. तिच्यावर अर्ध्या मिमीचा कट म्हणजे टूल खरवडणं. पहिलाच कट दीड-दोन मिमी आत घ्या, म्हणजे टोक कातडीखाली चालेल. टूल के ग्रेडचं (बिडासाठीचं) कार्बाइड, काम कोरडंच. बिडाची पूड तेलात मिसळली की बेडवर लॅपिंग पेस्ट (घासून झिजवणारी पेस्ट) होते. आधी ब्रश, मग कापड, तेल शेवटी.