तुमचा अर्ज 'आलाच नाही' असं त्यांना म्हणता येऊ नये

तुम्ही लिहिलंय की चाकणच्या कंपनीत वर्षाला 15 पीएल, म्हणजे हक्काच्या भरपगारी रजा, आहेत. गणपतीला मागितली की साहेब म्हणतात "शेड्यूल टाइट आहे, दिवाळीनंतर बघू", दिवाळीनंतर म्हणतात "आता इयर एंड", आणि 31 डिसेंबरला 9 पीएल लॅप्स. वर मेव्हणे जिल्हा परिषदेत कारकून, बहीण जर्मनीत, आणि दोघांच्या रजा ऐकून तुम्हाला झोप लागत नाही. प्रश्न असा की सगळीकडे असंच असतं का.

सगळीकडे नसतं, पण आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यात बरंचसं असंच आहे. मीही त्याच पट्ट्यात प्रेस शॉपमध्ये आयुष्य काढलं. "दिवाळीनंतर बघू" वाचल्यावर वाटलं, तुमच्या आणि माझ्या साहेबांना ट्रेनिंग एकाच ठिकाणी मिळालेलं दिसतंय. म्हणून एवढं लांब लिहितोय. पीएल आणि सीएल म्हणजे किरकोळ रजा, यांतला फरक तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. मी वकील नाही. जे लिहितो ते भोगून आणि नंतर चार जाणत्यांना विचारून.

आधी तुलनेचं उरकून घेतो. मेव्हण्यांना वर्षाला 30 दिवस अर्जित रजा, जानेवारीत 15 आणि जुलैत 15 अशी जमा होते आणि 300 पर्यंत साठते. शिवाय 8 किरकोळ आणि 20 अर्धपगारी. जर्मनीत पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्यानं किमान 20 दिवस, बहुतेक कंपन्या त्याहून जास्त देतात. रजेत आजारी पडलात आणि डॉक्टरचा दाखला दिलात तर ते दिवस रजेतून वजा होत नाहीत. दुसरीकडे अमेरिकेत भरपगारी रजा द्यायलाच हवी असा केंद्रीय कायदा नाही, तेव्हा तिकडच्या कुणा ओळखीच्याला फोन लावलात तर मन जरा हलकं होईल. आयटीवाल्यांचं वेगळं. त्यांना महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा: 8 सीएल, 8 सणांच्या सुट्ट्या, 20 दिवस कामामागे 1 दिवस रजा आणि 45 पर्यंत साठवण. त्यांच्या हिशेबानं आपला हिशेब मांडू नका.

आपला हिशेब कारखान्याचा. 1948 च्या कारखाने कायद्यात, कलम 79 मध्ये, असं होतं: वर्षात 240 दिवस भरले की पुढच्या वर्षी दर 20 दिवसांमागे 1 दिवस. 290 दिवस भरले तर साडेचौदा येतात आणि अर्धा पूर्ण धरून 15. तुमचे 15 असेच आले असणार, त्यात कंपनीनं उपकार काही केलेले नाहीत. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यात 240 च्या जागी 180 दिवस आले. 20 ला 1 हे प्रमाण तेच आहे. माझा अनुभव जुन्या कायद्यातला आहे, पण पुढे जो मुद्दा सांगणार आहे तो दोन्हीकडे आहे.

तो मुद्दा असा. न वापरलेली पीएल 31 डिसेंबरला मरत नाही, 30 दिवसांपर्यंत पुढच्या वर्षात जाते. लॅप्स होते ती सीएल. तुमच्या 9 पीएल 'लॅप्स' दाखवल्या असतील तर ते सरळसरळ चूक आहे. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, तुम्ही रीतसर अर्ज केला आणि रजा नाकारली, तर ती नाकारलेली रजा 30 च्या मर्यादेत धरतच नाहीत. कितीही साठू द्या, पुढे न्यावीच लागते. जुन्या कायद्यात तर योग्य मुदतीत केलेला अर्ज नाकारायलाही बंधन होतं: कामगार प्रतिनिधींशी ठरवून रजेची योजना केलेली असेल तर तिच्यानुसारच नाकारता येई. "शेड्यूल टाइट आहे" ही योजना नव्हे.

मग मला का नाही मिळाली? सांगतो, कारण खरं दुखणं इथेच आहे.

आमच्याकडे रजेच्या अर्जाचं पॅड असायचं. गुलाबी वरचा कागद, खाली पिवळा, मधे कार्बन. हे पॅड टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरीच्या कचेरीत, नसायचं, ते खातेप्रमुखाच्या टेबलाच्या खणात, आणि खणाला कुलूप. रजा हवी तर साहेबांपुढे उभं राहायचं. ते विचारणार, "रिलीव्हर कोण?" रिलीव्हर म्हणजे आपल्या जागी बदली माणूस, तो शोधून आणायचा आपणच. गणपतीत रिलीव्हर कुठला मिळायला? लाइनवर निम्मे आम्ही रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचे, आणि उरलेल्यांत मराठवाड्यातली पोरं, ज्यांना त्याच दिवसांत महालक्ष्म्यांना घरी जायचं असतं. रिलीव्हर नाही म्हणून सही नाही, आणि सही नाही म्हणून पॅडच खणाबाहेर येत नाही.

मी कोऱ्या कागदावर अर्ज लिहून टाइम ऑफिसच्या खिडकीशी गेलो. जाळीला हाताएवढी फट, आत क्लार्क, त्याच्या उजव्या हाताशी 'आवक'चा शिक्का आणि शाईची डबी. त्यानं कागद वाचला आणि फटीतून परत सरकवला. "साहेबांची सही आणा, मग घेतो." म्हटलं, सही देत नाहीत म्हणून तर इथे आलो. "मग मी काय करू? बिनसहीचा अर्ज आम्ही घेत नाही." शिक्का बोटभर अंतरावर होता. त्या माणसाचा राग नाही, त्याला वरून सांगितलेलं असणार. पण व्यवस्था कशी होती बघा. मंजूर होणारा अर्जच फक्त कागदावर यायचा. नामंजूर होणारा अर्ज जन्मालाच यायचा नाही. त्यामुळे आमच्या कंपनीत कुणाचीही रजा कधी नाकारली गेलेली नाही, रेकॉर्ड बघा, स्वच्छ!

वर्षानुवर्षं असं चाललं. एका वर्षी सही नसताना गौरी-गणपतीला गेलो. परत आल्यावर खाडे, हजेरी बक्षीस गेलं, आणि हातात मेमो, 'विनापरवानगी गैरहजर'. त्या मेमोवर मात्र आवक, जावक, तारीख, सह्या सगळं कसं व्यवस्थित होतं.

नोकरी सुटताना हिशेब झाला तेव्हा खात्यावरच्या 30 दिवसांचे पैसे मिळाले. मी म्हटलं, दरवर्षी मागून न मिळालेल्या रजांचं काय? एचआरच्या बाईंनी रजिस्टर उघडून माझ्यापुढे फिरवलं. वर्षामागून वर्ष नाकारलेल्या रजेच्या रकान्यात एकच शब्द: निरंक. बाई सभ्य होत्या, चहा पण दिला. म्हणाल्या, "काका, तुम्ही अर्जच केलेला नाही ना." त्या रकमेत गावच्या घराचं छप्पर झालं असतं.

तेव्हा माझं मत, आणि ते ठाम आहे: साहेबांशी वाद घालू नका, रिलीव्हर शोधत फिरू नका, फक्त अर्जाचा पुरावा तयार करा. जुन्या कायद्यात रजेचा अर्ज करायचा तो कारखान्याच्या मॅनेजरकडे, लेखी, निदान 15 दिवस आधी. खातेप्रमुखाकडे करायचा असं कायद्यानं कुठे म्हटलेलं नव्हतं, ती कंपनीची आतली सोय. मॅनेजर म्हणजे कारखान्याचा मॅनेजर म्हणून सरकारदप्तरी ज्याचं नाव कळवलेलं असतं तो. ते नाव गेटजवळच्या फलकावर लावलेलं असेल तर जाताना बघून ठेवा. त्याच्या नावानं ईमेल करा, एचआरला प्रत, आणि स्वतःच्या खाजगी पत्त्यावरही प्रत ठेवा, कारण कंपनीचा ईमेल नोकरीबरोबर जातो. ईमेल नसेल तर स्पीड पोस्टनं, पोचपावतीसह. खिडकीतून परत सरकवता येणार नाही असं काहीतरी हवं.

आता 2026 चंच घ्या. चतुर्थी 14 सप्टेंबरला, सोमवारी. 12 ते 20 सप्टेंबर गावी राहायचं म्हटलं तर दिवस होतात 9. तुमची साप्ताहिक सुट्टी आमच्यासारखीच गुरुवारची असेल तर 17 तारीख त्यात येते, ती वजा. चतुर्थीची सुट्टी तुमच्या करारात असेल तर 14 ही वजा. पीएल लागते 7. हे मुद्दाम लिहितो, कारण बऱ्याच ठिकाणी 'सँडविच' लावतात, दोन्ही बाजूला रजा म्हणून मधला गुरुवारही रजेत कापतात. पीएलमध्ये मधली सुट्टी धरायची नसते, जुन्या कायद्यात नाही आणि नव्यातही नाही. लिव्ह कार्डवर 9 पडले असतील तर तेही लेखी विचारा.

अर्जात भावना नकोत. "सर, आईची तब्येत, घरचा गणपती, कृपया सहकार्य करावे" हे सगळं मी लिहून बसलोय, उपयोग शून्य. एवढंच लिहा: "दि. 12 ते 20 सप्टेंबर 2026 या काळात साप्ताहिक व सणाची सुट्टी वगळून 7 दिवस भरपगारी रजा मिळावी. नामंजूर असल्यास कारणासह लेखी कळवावे. नामंजूर रजा पुढील वर्षात जमा करावी." शेवटचं वाक्य गाळू नका. ते वाचलं की एचआरला कळतं, या माणसाला माहिती आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर "सर गणपतीला सुट्टी पाहिजे होती" असा मेसेज टाकून गप्प बसू नका, त्यात ना तारीख ना मागणी, आणि साहेब उत्तरात हात जोडलेलं चित्र पाठवतात.

एक सावधगिरी. जुन्या कायद्यात पीएल वर्षात तीनदाच घेता यायची, म्हणून एकेक दिवस तोडून मागू नका. किरकोळ कामाला सीएल वापरा. कारखाने कायद्यात सीएल नव्हतीच, ती करारातून किंवा स्थायी आदेशातून, म्हणजे कंपनीच्या मंजूर सेवानियमांतून, येते, तेव्हा तुमच्याकडे किती ते करारात बघा. आजारपणाला पीएल घालवू नका, ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार विमा योजनेत, असाल तर डॉक्टरच्या दाखल्यावर वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के वेतन मिळतं. आमच्यातल्या कितीतरी जणांनी डेंग्यूत पीएल संपवली आणि नंतर गणपतीला रडत बसले.

साहेब रागावतील का? रागावतील. पहिल्या अर्जानंतर मला कुणी तिसरी शिफ्ट लावली असती तर नवल वाटलं नसतं. म्हणून एकट्यानं करू नका. लाइनवरच्या गाववाल्यांना बरोबर घ्या आणि आपसात आधीच वाटून घ्या. ज्यांचा दीड दिवसाचा गणपती आहे ते लवकर परत, गौरीवाले नंतर, सोलापूरकडची मंडळी आषाढीला सुट्टी घेतात ती गणपतीत थांबतील. असा तक्ता घेऊन गेलात तर "सगळे एकदम मागतात" हे कारण राहत नाही. युनियन असेल तर रजेच्या योजनेचा विषय पुढच्या करारात घालायला सांगा. पगारवाढीच्या आकड्यापुढे तो कुणाला आठवत नाही, हा माझा जुना राग आहे, पण तो इथे नको.

तक्रारीची वेळ आलीच तर कारखान्यासाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, दुकान-ऑफिससाठी कामगार आयुक्तांचं कार्यालय. चुकीच्या दारात गेलात तर "हे आमच्याकडे येत नाही" एवढं ऐकायला अर्धा दिवस आणि एक खाडा जातो. कंत्राटी असाल तर अर्ज कंत्राटदाराच्या नावानं आणि प्रत मॅनेजरला. पण कंत्राटी पोरांनी लगेच तक्रार करावी असं मी म्हणणार नाही, गेट पास दुसऱ्या दिवशी बंद होऊ शकतो. अर्ज मात्र करून ठेवा.

जाता जाता, तुम्ही संगमेश्वराकडचे आहात म्हणून. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं. पनवेलहून 11 सप्टेंबरची गाडी धरायची तर आरक्षण 13 जुलैला सकाळी 8 ला. रजा मंजूर होण्याची वाट बघत बसलात तर तिकीट गेलं. मी म्हणतो रजेचा अर्जही त्याच आठवड्यात टाका, 15 दिवस ही किमान मुदत आहे, त्याआधी देऊ नये असं नाही.

आणि एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. नेमणूकपत्रावर तुमचं पदनाम काय आहे? लाइनवर काम करायला लावून कागदावर 'सुपरवायझर' किंवा 'ऑफिसर' लिहायची पद्धत वाढलीय. नव्या संहितेत महिना 18,000 च्या वर पगार असलेला सुपरवायझर 'कामगार' धरला जात नाही, मग वरचं बरंचसं वेगळ्या पद्धतीनं मांडावं लागेल. पत्र बघून पदनाम आणि प्रत्यक्ष काम काय करता ते इथे लिहा, कंपनीचं नाव लिहू नका. लिव्ह कार्डाचा फोटो टाकणार असाल तर टोकन नंबर, म्हणजे तुमचा कामगार क्रमांक, झाकून टाका.