मागचा डॅशकॅम: वायर छतातून नको, खालून घ्या

प्रश्न थोडक्यात असा: सात सीटची एसयूव्ही, सहा एअरबॅग, पॅनोरमिक सनरूफ. पुढचा डॅशकॅम आधीच बसलाय, मागच्या कॅमेऱ्याची बॉक्समधली केबल ६ मीटरची आहे, आणि दुकानदार म्हणतोय, "छतातून दाबून अर्ध्या तासात देतो." रोजचा रस्ता निपाणी ते बेळगाव, अधूनमधून चोर्ला घाटातून गोवा. द्यावी का गाडी?

अशी नका देऊ. कॅमेरा तोच ठेवा, दुकानही तेच असू दे, पण वायरची वाट बदला.

कर्टन एअरबॅग छताच्या कडेला लांब गुंडाळी करून बसवलेली असते, पुढच्या काचेशेजारच्या खांबापासून थेट मागच्या सीटच्या खिडकीपर्यंत. फुटताना ती छताच्या अस्तराची कड बाजूला ढकलून खाली उतरते. बोटानं किंवा पट्टीनं दाबलेली वायर अस्तर आणि एअरबॅग यांच्या मधल्या फटीत जाते, म्हणजे नेमकी तिच्या वाटेत. एअरबॅगच्या मागून न्यायची तर अस्तर उतरवावं लागतं, आणि ते अर्ध्या तासात होत नाही. दुसरी भानगड सनरूफची. त्याच्या चौकटीत साठणारं पाणी चार कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांनी खांबांतून खाली जातं. ओढाताणीत एखादी नळी दुमडली किंवा निसटली तर उन्हाळ्यात काही कळणार नाही. जूनमध्ये पायाखालचं मॅटिंग ओलं झालं की सगळे दरवाज्याचं बीडिंग बदलत बसतात.

म्हणून वायर खालून न्यायची. पुढच्या काचेच्या वरच्या कडेनं डावीकडे, पुढच्या खांबातून खाली, दरवाज्यांच्या उंबऱ्यावरच्या प्लास्टिक पट्ट्यांखालून मागे, डिकीच्या बाजूच्या पॅनेलमागून मागच्या खांबात वर, तिथून रबरी नळीतून डिकीच्या दरवाज्यात. फिटर कन्नड बोलणारा असला तर "मेले बेडा, केळगे हाकी" (वर नको, खाली घाला) एवढं पुरे.

या वाटेला ६ मीटर केबल पुरत नाही, आणि दुकानदार छताचा आग्रह धरतात त्यामागचं खरं कारण बहुतेक वेळा हेच असतं. हिशेब बघा: कॅमेऱ्यापासून खांबापर्यंत ०.७ मीटर, खांबातून खाली १.१, उंबऱ्यावरून मागपर्यंत ३, मागच्या खांबात वर १.२, खांबापासून दरवाज्याच्या नळीतून पलीकडे ०.५, दरवाज्याच्या आत कॅमेऱ्यापर्यंत ०.६, आणि सैलपणासाठी ०.३. झाले ७.४ मीटर. छतावरून हेच साडेपाचात बसतं. तुमच्या गाडीचं माप सुतळी लावून घ्या आणि त्याच कंपनीची, त्याच मॉडेलला चालणारी ८ किंवा ९ मीटरची अखंड केबल मागवा. पिना सारख्या दिसतात म्हणून कुठलीही घेऊ नका. २.५ मिमीच्या जॅकमध्येच चार कड्यांचा आणि पाच कड्यांचा असे दोन प्रकार येतात. चुकीचा घातला की एक तर चित्र येत नाही, नाहीतर काळं-पांढरं लुकलुकतं. एक्स्टेन्शनचा जोड द्यावाच लागला तर तो डिकीच्या बाजूच्या पॅनेलमागे, हलणार नाही असा बांधा. दरवाज्याच्या आत जोड कधीच नको.

सामान फार लागत नाही: पॅनेल उचकटायच्या प्लास्टिकच्या ट्रिम पट्ट्या, १० नंबरचा पाना, स्टार स्क्रूचे बिट, कापडी हार्नेस टेप, १५ सेंमीचे केबल टाय, सिलिकॉन स्प्रे, सायकलच्या ब्रेकची आतली तार, आणि तुमच्या गाडीच्या मापाच्या आठ-दहा जादा ट्रिम क्लिपा. नेहमीची काळी पीव्हीसी टेप वापरू नका. बंद गाडीच्या उन्हात तिचा डिंक सुटतो, टेप उलगडते आणि मग खराब रस्त्यावर पॅनेलमागे टकटक सुरू होते.

काहीही उघडण्याआधी केबल सीटांवरून उघडीच पसरून दोन्ही कॅमेरे चालू करून बघा. बिघडलेली केबल बसवून झाल्यावर सापडणं यासारखा दुसरा वैताग नाही. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि पाच मिनिटं थांबा, कारण एअरबॅगच्या युनिटमध्ये थोडा वेळ चार्ज राहतो. पुढच्या खांबाचं कव्हर नुसतं हिसकायचं नाही. एअरबॅगच्या खुणेच्या कव्हरला बऱ्याच गाड्यांत साखळीवजा क्लिप असते. ती ९० अंश फिरवून सोडवतात, आणि काही कंपन्या ती एकदाच वापरायची सांगतात. खांबात वायर गाडीच्या मूळ हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला), एअरबॅगच्या मागच्या बाजूनं, दर १५ सेंमीवर बांधत न्या. उंबऱ्याच्या पट्ट्या सरळ वर उचलल्या की निघतात. तिथं सीटबेल्टच्या रीळपासून वायर लांब ठेवा.

आता डिकीचा दरवाजा. मागचा कॅमेरा वर्षभरात बंद पडला तर दोष बहुतेक वेळा इथंच सापडतो. गाडीची बॉडी आणि दरवाजा यांच्यामध्ये वळ्यावळ्यांची रबरी नळी असते, तिच्यातून दरवाज्याच्या मूळ वायरी जातात. वेळ वाचवायला फिटर ही नळी टाळून वायर बीडिंगवरून नेतात आणि दरवाजा दाबून लावतात. दिसायला ठीक. पण दर वेळी दरवाजा वायरीला चिमटा घेतो, बीडिंग तिथं चपटं होतं, आणि चोर्ल्याच्या वाटेवरच्या कणकुंबीकडच्या पावसात तेवढ्याच फटीतून पाणी वायरीच्या कडेनं आत उतरतं.

नळीची दोन्ही टोकं पत्र्याच्या भोकातून हलक्या हातानं सोडवा. ब्रेकची तार दरवाज्याच्या बाजूनं घालून बॉडीच्या बाजूला काढा, तिच्या टोकाला केबलची पिन थोडी तिरकी लावून टेपनं निमुळती गुंडाळा, नळीत सिलिकॉन स्प्रे मारा आणि एकानं ओढायचं, दुसऱ्यानं ढकलायचं. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका, रबर फुगतं. पिन अडली तर जोर न लावता नळी वळ्या-वळ्यानं सरकवत पुढे घ्या. मागच्या वायपरची पाण्याची नळी त्याच वाटेनं जात असेल तर ती दबली नाही ना, हे बॅटरी परत जोडल्यावर वायपरचं पाणी मारून बघा.

मग दरवाजा पूर्ण उघडून धरा. या स्थितीत नळीच्या दोन्ही बाजूंना वायर थोडी सैल दिसली पाहिजे. ताणलेली असेल तर प्रत्येक उघडझापीला आतली तांब्याची तार एकाच जागी वाकते आणि काही महिन्यांत तुटते. लक्षण ठरलेलं: डिकी उघडली की मागचं चित्र जातं, लावली की येतं. सगळे कॅमेऱ्याला दोष देतात, कॅमेरा बिचारा ठीक असतो. नळीचे ओठ पत्र्यात चारी बाजूंनी बसले का हे नखानं फिरवून तपासा, आणि बॉडीच्या बाजूला आत गेल्यावर वायरीला खाली झुकणारा एक छोटा वळसा द्या, म्हणजे थेंब आला तरी तिथंच टपकेल.

कॅमेऱ्याची जागा ठरवताना घाई नको. एसयूव्हीची पाठ उभी असते. चालत्या गाडीमागे हवेचा भोवरा तयार होतो आणि रस्त्यावरची धूळ, चिखल उचलून मागच्या काचेवरच आणून टाकतो. खानापूर-जांबोटी भागातली तांबडी माती आणि पावसाळी पाणी मिळून तासाभरात काच विटकरी होते. वायपर फिरतो त्या पट्ट्याबाहेर कॅमेरा असला तर पावसाळाभर तांबड्या पडद्याचं रेकॉर्डिंग मिळेल. बऱ्याच गाड्यांत मागचा वायपर अर्धवट कमान काढतो आणि काचेचा वरचा मधला भाग सुटतो, आणि नेमका तिथंच फिटर कॅमेरा चिकटवतो. काचेवर बाहेरून पाणी आणि थोडी माती उडवा, वायपर दोनदा फिरवा, आतून खडूनं कमानीची कड आखून घ्या. कॅमेरा त्या कमानीत, जमेल तितका वर बसवा. चार बोटं मध्यापासून बाजूला गेला तरी बिघडत नाही.

बोलेरो, थार, जिमनी यांच्या दरवाज्यावर स्टेपनी असते. तिथं आधी मोबाइलचा कॅमेरा त्या जागी धरून किती रस्ता झाकला जातो ते बघा.

चिकटवण्याची पट्टी डिफॉगरच्या तांबूस रेघांवर बसू देऊ नका. उद्या कॅमेरा काढताना रेघ पट्टीबरोबर सोलून येते आणि ती ओळ कायमची मरते. चोर्ल्यात पावसात काच आतून धुकटते तेव्हा याच रेघा कॅमेऱ्यासमोरची जागा साफ ठेवतात. काच आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. सुगंधी ग्लास क्लीनरचा थर राहतो आणि पट्टी धरत नाही. १५ सेकंद दाबून धरा. व्हीएचबी जातीची पट्टी २० मिनिटांत निम्मी पकड घेते, पूर्ण पकडीला ७२ तास लागतात, म्हणून तीन दिवस वायरीचा ताण कॅमेऱ्यावर येऊ देऊ नका आणि गाडी धुऊ नका. डिसेंबर-जानेवारीत बेळगावात सकाळी काच गार असते. दुपारी उन्हात उभी करून मग लावा.

लेन्स काचेला जवळजवळ टेकलेली हवी. मध्ये दोन बोटं फट राहिली तर रात्री वरच्या ब्रेक लाइटचा लाल उजेड चित्रात पसरतो. आकाश चित्राच्या वरच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको, नाहीतर दिवसा मागच्या गाड्या काळपट येतात. मागच्या काचेवर काळी फिल्म असेल तर रात्रीच्या रेकॉर्डिंगची आशा सोडा. मोटार वाहन नियमांत पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आरपार जावा असं आहेच.

केबलच्या कॅमेऱ्याकडच्या टोकाला एखादी सुटी लाल वायर असेल तर ती रिव्हर्स लाइटला जोडायची असते, म्हणजे रिव्हर्स टाकल्यावर स्क्रीनवर मागचं दिसतं. तुमच्या गाडीत कंपनीचा रिव्हर्स कॅमेरा असणारच. मग ही वायर जोडू नका, टोक टेपनं बंद करून गुंडाळून ठेवा. नव्या गाड्यांत मागचे दिवे कंट्रोल युनिटवरून चालतात, तिथं वायर सोलून जोड दिला की दिव्याचा एरर येतो आणि वॉरंटीचा वाद वेगळाच.

मागचा कॅमेरा पुढच्यातूनच करंट घेतो. त्यामुळे आतापर्यंत नीट चाललेला पुढचा कॅमेरा अचानक बंद-चालू व्हायला लागला तर आधी चार्जर बघा. गाडीच्या साध्या यूएसबी पोर्टमधून ०.५ अँपिअरच मिळत असेल तर दोन कॅमेरे त्यावर तगत नाहीत. ५ व्होल्ट २.४ अँपिअरचा चार्जर लावा. गोव्यात रात्रभर पार्किंग मोड (गाडी बंद असतानाही रेकॉर्डिंग) हवा असेल तर फ्यूज बॉक्समधून थेट करंट घेणारं हार्डवायर किट घ्या: पिवळी वायर कायम करंटला, लाल किल्लीवरच्या करंटला, काळी बॉडीच्या मूळ बोल्टला. फ्यूज टॅप, म्हणजे फ्यूजच्या जागी बसून जादा वायर काढून देणारा जोड, वापरा, मूळ वायर कापू नका, एअरबॅग आणि एबीएसच्या फ्यूजला हात लावू नका. टॅप उलटा बसला तर दोन्ही सर्किटचा भार मूळ फ्यूजवर येतो. दोन कॅमेरे मिळून ०.४ अँपिअर धरले तर १० तासांत ४ अँपिअर-तास जातात. चांगल्या बॅटरीला हे काहीच नाही, तीन-चार वर्षं जुनीला आहे. कटऑफ, म्हणजे किट कॅमेरे बंद करतं तो व्होल्टेज, १२.२ व्होल्टवर ठेवा, ११.८ वर नको.

एफएमवर खरखर आली तर केबल अँटेनाच्या वायरीला समांतर गेलीय असं समजा. अर्धा फूट लांब सरकवा, नाहीतर दोन्ही टोकांना खरखर अडवणारे फेराइटचे मणी लावा.

कार्डाचा हिशेबही बदलतो. पुढचा १६ आणि मागचा १० मेगाबिट दर सेकंदाला धरला तर तासाला साधारण १२ जीबी. ६४ जीबीच्या कार्डात पाच तास, मग जुनं पुसलं जातं. १२८ चं हाय एन्ड्युरन्स (सतत रेकॉर्डिंग झेलणारं) कार्ड घ्या आणि महिन्यातून एकदा कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

सेटिंगमध्ये दोन गोष्टी लगेच बघा. मागच्या चित्राचा मिरर बंद हवा, नाहीतर मागच्या गाडीचा केए २२ चा नंबर उलटा वाचावा लागेल. आणि मागच्या कॅमेऱ्याचं एक्स्पोजर एक पायरी खाली घ्या. तवंदी घाटाच्या उतारावर रात्री मागून अप्पर मारत ट्रक चिकटतो तेव्हा सगळं चित्र पांढरं होतं, आणि चमकणाऱ्या एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेटचे आकडे आधी उडतात. तसंही १०८० च्या रुंद लेन्समध्ये नंबर दोन गाड्यांच्या अंतरापर्यंतच धड वाचता येतो. दुकानदार काहीही सांगो.

अपघात झालाच तर कार्ड तिथंच काढून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेली क्लिप दाबली जाते आणि आकडे पुसट होतात. कोर्टात वेळ आली तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा मूळ फाइल हाताशी हवी. त्यासाठी कॅमेऱ्यातलं घड्याळ भारतीय वेळेवर, म्हणजे +५:३० वर आहे ना, हे आजच बघून घ्या.

या सगळ्याला नीट केलं तर तीन-चार तास लागतात. दुकानात देणार असाल तर रबरी नळीतून वायर जाईपर्यंत तिथंच उभे राहा. आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर डिकीतलं स्टेपनीचं झाकण उचलून खाली कोरडा कागद फिरवा. ओला निघाला तर नळीचा ओठ कुठंतरी बसलेला नाही.