रंगीत नकाशा आणि हातातला घास

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा असून यंदा चौथीत गेला. अभ्यासाला बसला की पाच मिनिटांत उठतो. वर्गात लक्ष नसते, असे बाईंनी गेल्या वर्षी दोनदा डायरीत लिहून पाठवले. मे महिन्यात शहरातल्या एका केंद्रात त्याचे ‘ब्रेन मॅपिंग’ केले. आदल्या रात्री लग्नाहून उशिरा परतल्यामुळे दुपारी तीनच्या त्या तपासणीत तो पेंगत होता. अहवालात लाल-पिवळे नकाशे, ‘थीटा-बीटा प्रमाण वाढलेले, एडीएचडी’ (म्हणजे लक्ष न टिकण्याचा व अतिचंचलतेचा विकार) हा शेरा आणि न्यूरोफीडबॅकच्या, म्हणजे आपल्याच मेंदूच्या लहरी पडद्यावर पाहून त्या बदलायला शिकण्याच्या सरावाच्या, चाळीस सत्रांचा सल्ला आहे. यावर विश्वास ठेवावा का? शिवाय अलीकडे जेवताना तो घास हातात धरून एकटक पाहत राहतो, हाकेला ‘ओ’ देत नाही आणि काही सेकंदांनी काही घडलेच नाही असा पुन्हा जेवू लागतो.
— एक आई, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : ताई, आपल्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपण शेवटी, जाता जाता लिहिली आहे. तिच्याकडे येण्याआधी अहवालाविषयी सांगतो.

मेंदूतील पेशींच्या विद्युत हालचाली टाळूवर लावलेल्या इलेक्ट्रोडमधून टिपण्याचे तंत्र, म्हणजे ईईजी, जर्मन डॉक्टर हान्स बर्गर यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केले. आपल्या अहवालातले रंगीत नकाशे अशाच ईईजीच्या नोंदींवरून संगणकाने काढलेले असतात. या लहरींपैकी सेकंदाला चार ते सात आवर्तनांच्या थीटा लहरी पेंगुळलेल्या अवस्थेत वाढतात आणि त्याहून वेगवान बीटा लहरी जागरूकतेशी जोडल्या जातात. एडीएचडी असलेल्या मुलांच्या गटात थीटाचे बीटाशी प्रमाण सरासरीने जास्त आढळल्यामुळे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये सहा ते सतरा वर्षे वयोगटासाठी अशा एका यंत्राला परवानगी दिली. मात्र ती डॉक्टरांच्या संपूर्ण तपासणीला जोड म्हणून होती. पुढच्या अभ्यासांत दोन गटांतला हा फरक पुसट होत गेला, आणि निरोगी मुलावरही एडीएचडीचा शिक्का बसण्याचा धोका फार मोठा असल्याने हे मोजमाप नेहमीच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही, असे अमेरिकन अॅकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने २०१६ मध्ये बजावले. गटाची सरासरी एकट्या मुलाला लागू करता येत नाही, ही खरी अडचण आहे. त्यातच वय लहान असेल तर थीटा मुळातच जास्त असतो, आणि जागरण झालेल्या मुलाची नागपूरच्या मे महिन्यात भरदुपारी तपासणी केली तर तो वाढलेला दिसेल यात नवल नाही. तो नकाशा बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. चाळीस सत्रांचे पैसेही तूर्त भरू नयेत, कारण खऱ्या आणि लुटुपुटूच्या न्यूरोफीडबॅकची काटेकोर तुलना झाली तेव्हा दोन्ही गटांतील मुले जवळजवळ सारखीच सुधारली.

एडीएचडीचे निदान माहितीवरून होते : लक्षणे बाराव्या वर्षाआधीपासून आहेत का, सहा महिने टिकली आहेत का आणि घर व शाळा अशा दोन्ही ठिकाणी दिसतात का. बाईंच्या डायरीतल्या त्या दोन नोंदी म्हणूनच अहवालापेक्षा मोलाच्या आहेत. दृष्टी, श्रवण आणि झोप यांचीही तपासणी व्हावी.

आता त्या घासाविषयी. तंद्री लागलेले मूल खांद्याला हात लावला की भानावर येते. हातातले काम मध्येच थांबणे, काही सेकंद प्रतिसाद नसणे आणि नंतर त्यातले काही न आठवणे, हे ‘अॅब्सेन्स’ प्रकारच्या अपस्माराचे (फिट्सच्या आजाराचे) लक्षण असू शकते. हा अपस्मार साधारणपणे चार ते दहा वर्षांच्या वयात सुरू होतो, दिवसातून अनेकदा येतो आणि शाळेत ‘लक्ष नाही’ एवढ्यावरच खपून जातो. त्याचे उपचार एडीएचडीपेक्षा वेगळे आहेत. येथे मात्र साधा ईईजी अत्यंत उपयोगी ठरतो, कारण सेकंदाला सुमारे तीन या गतीने येणारे टोकदार लहरींचे ठरावीक चित्र त्यात उमटते. ते दिसावे म्हणून मुलाला तीनेक मिनिटे जोरजोरात श्वास घ्यायला लावतात. लहान मुलांच्या हाती त्यासाठी कधी भिरभिरेही देतात.

मेडिकलमध्ये (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात), एम्समध्ये किंवा धंतोलीतल्या आपल्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांमार्फत मेंदूविकारतज्ज्ञांची भेट या आठवड्यातच घ्यावी. जेवताना तसे पुन्हा घडले तर मोबाइलवर चित्रण करावे. तपासणीच्या आदल्या दिवशी त्याचे केस धुवावेत आणि तेल लावू नये, नाहीतर इलेक्ट्रोड नीट बसत नाहीत. निदान होईपर्यंत त्याला एकट्याने पोहायला किंवा रहदारीत सायकलवर पाठवू नये.