डाऊट की क्वेश्चन?

हाय,

लंडनला पाठवायचा मेल आधी मला दाखवलास ते बरं केलंस. बाकी सगळं ठीक आहे, फक्त ते 'आय हॅव अ डाऊट इन युअर टेस्ट रिपोर्ट' तेवढं काढ. तुला विचारायचंय एवढंच की तिसऱ्या कॉलममधले आकडे सेकंदात आहेत की मिलिसेकंदात, पण समोरचा वाचणार की ह्यांचा आमच्या रिपोर्टवर भरवसाच नाही, मग तो त्याच्या मॅनेजरला सीसीत घेणार आणि झालं सुरू.

घोळ का होतो सांगू का, आपली शंका दोन्ही कामं करते. शंका विचारली की प्रश्न, शंका घेतली की अविश्वास, सगळा खेळ क्रियापदाचा (लघुशंकेचं सोडूनच दे). शाळेत धडा संपला की सर 'कुणाला काही शंका?' म्हणायचे, क्लासवाल्यांनी त्याचं डाऊट सेशन केलं, तेच घेऊन आपण ऑफिसात आलो. पण लंडनच्या माणसाला डाऊट म्हटलं की 'हे मला खरं वाटत नाही' असंच ऐकू येतं. गंमत म्हणजे स्पॅनिश माणूस 'तेंगो उना दुदा' म्हणतो तेव्हा त्यालाही बऱ्याचदा नुसता प्रश्नच विचारायचा असतो, आणि स्कॉटलंडमधे 'आय डाऊट इट्ल रेन' म्हणजे चक्क पाऊस येणार असं दिसतंय! त्यामुळे आपलं चुकतं वगैरे मी म्हणणार नाही, आपापसात खुशाल डाऊट विचार.

'आय हॅव अ क्वेश्चन अबाउट द थर्ड कॉलम' लिही, बस. फक्त क्वेश्चनचं क्रियापद करू नकोस, 'आय क्वेश्चन युअर नंबर्स' म्हणजे सरळ सरळ आक्षेप, डाऊटच्या वरताण. पोलीस क्वेश्चन करतात म्हणजे चौकशीला बसवतात, तसलाच सूर.

आणि हो, पान ४ वरचं ॲव्हरेज मॅक्सिममपेक्षा जास्त दिसतंय, ते कसं शक्य आहे? इथे खरी शंका घ्यायला जागा आहे आणि नेमकं इथे तू काहीच लिहिलं नाहीयेस. दोन्ही शब्द नकोत, 'द ॲव्हरेज ऑन पेज फोर इज हायर दॅन द मॅक्सिमम, कुड यू प्लीज चेक?' एवढं लिही, हे सगळ्यात वर घे, कॉलमचं खाली. ते लोक ऑफिसात येतात आपल्या दुपारी दीड-अडीचला, त्याआधी मेल गेला पाहिजे.