घरच्या कोंबड्यांना खाद्यासोबत भात, पोहे, भाजीची देठं असा खाऊ किती द्यावा?

तुम्ही लिहिलंय की कांदिवलीच्या गावठाणात घरामागे चार कोंबड्या आहेत, लेयरचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य न चुकता घालता, तरी पंधरा दिवसांपासून दोघींची अंडी पातळ कवचाची येताहेत, आणि सासूबाईंचं म्हणणं, ‘भात थोडा वाढवून बघ.’ भात वाढवू नका. मला तर वाटतं, भातच जास्त होतोय.

मी खाडीपलीकडे गोराईला राहते. बारा वर्षं कोंबड्या पाळतेय, सध्या सहा आहेत.

आधी हिशोब बघा. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण 100 ते 120 ग्रॅम खाद्य खाते. लेयरच्या खाद्यात प्रथिनं 16 ते 18 टक्के आणि कॅल्शियम साडेतीन-चार टक्के, म्हणजे रोजचं चारेक ग्रॅम कॅल्शियम पोटात गेलं. एका अंड्याच्या कवचाला सुमारे 2 ग्रॅम लागतं, आणि खाल्लेलं सगळंच काही अंगी लागत नाही. म्हणजे शिल्लक अशी उरतच नाही. तांदळात प्रथिनं सातेक टक्के, कॅल्शियम नावाला. पण भाताने गळ्याखालची पिशवी भरली की कोंबडीबाई खाद्याकडे ढुंकून बघत नाही. मग कवचासाठी हाडांतलं कॅल्शियम ओढलं जातं, आणि तेही कमी पडायला लागलं की अंडं हातात घेताच पिचतं.

म्हणून खाऊ एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्श्यात बसवायचा. तुमच्या चौघींचा मिळून कोरडा 40-45 ग्रॅम. भाताच्या भाषेत सांगायचं तर आमटीची एक वाटी शिजलेला भात. चौघींत, दिवसभरात, बाकी सगळं धरून.

हे ‘बाकी सगळं धरून’च अवघड आहे. आमच्याकडे मी खाद्य वजनकाट्यावर मोजून घालायचे आणि निश्चिंत असायचे. एकदा ताप आला म्हणून दिवसभर ओटीवर पडून होते, तेव्हा कळलं. सकाळी सासूबाईंनी रात्रीची भाकरी कुस्करून घातली. शाळेला जाताना पुतण्याने बिस्किट. शेजारच्या मावशींनी दुपारी कुंपणावरून उरलेला भात आणि वर मूठभर मका. संध्याकाळी नवऱ्याने पावाचा तुकडा. प्रत्येकाला वाटायचं, आपणच तेवढं घालतोय! त्यानंतर मी खिडकीत एक स्टीलची वाटी ठेवली. दिवसाचा खाऊ त्या वाटीत, ज्याला हौस असेल त्याने त्यातूनच घालायचा, वाटी संपली की विषय संपला. सासूबाई आठवडाभर रुसल्या होत्या, मावशी अजून अधूनमधून चोरून घालतात. तरी पुष्कळ फरक पडला.

आणि हे नुसत्या कवचापुरतं नाही. माझी पिंगळी नावाची एक कोंबडी होती, लाडकी, माझ्या मागे मागे मोरीपर्यंत यायची. तिला मक्याचं वेड, आणि मीही मूठ मूठ घालायचे. मे महिन्यात एका दुपारी खुराड्यात मरून पडलेली, आदल्या दिवशी आजारपणाचं एक लक्षण नव्हतं, फक्त तुरा जरा फिका. डॉक्टरांनी उघडून दाखवली: पोटात रक्ताची गुठळी, कलेजी पिवळी आणि बोट लावलं तर लोण्यासारखी तुटणारी. चरबीने कलेजी फुटली होती. लठ्ठ कोंबडीला उन्हाळ्यात हा धोका जास्त. त्या दिवसापासून मका आमच्याकडे सणासुदीलाच.

वेळेचं म्हणाल तर खाऊ सकाळी उपाशीपोटी नको. सकाळभर खाद्य खाऊ दे, साडेतीन-चारला खाऊ घाला, आणि अंधार पडायच्या आत पुन्हा खाद्याकडे वळायला तासभर तरी मिळू दे. कवचाचं बरंचसं काम रात्री चालतं, त्यामुळे संध्याकाळी त्यांना कॅल्शियमची ओढ लागते. एका वेगळ्या वाडग्यात तिसऱ्यांच्या शिंपल्या कुटून ठेवा, खाद्यात मिसळू नका. जिला हवं ती बरोबर टिपते. कोळणीकडे तिसऱ्या घेताच ना, शिंपल्या टाकू नका. अंड्याची टरफलं चालतात, पण तव्यावर भाजून अगदी चुरा करून. अख्खी टाकलीत तर अंडं फोडून खायची चटक लागते आणि ती सुटता सुटत नाही.

द्यायला चांगलं काय? शेवग्याचा पाला, कोबीची बाहेरची पानं, कोथिंबिरीची देठं, भोपळ्याच्या बिया, उन्हाळ्यात कलिंगडाची साल. शेवग्याने बलकही छान केशरी होतो. कोबी दोरीने टांगा, उड्या मारून खातात, बघायला मजा येते. पिसं गाळत असतील तेव्हा चिमूट चिमूट सुका जवळा घाला, पिसांना प्रथिनं लागतात. मात्र मीठ लावलेली सुकी मासळी नको. फरसाण, पापड, लोणच्याचा मसाला लागलेला भात, हेही नको. कच्चा राजमा, बटाट्याच्या हिरवट साली, चॉकलेट आणि हल्ली बाजारात दिसणारा अ‍ॅव्होकाडो यांच्या जवळपासही जाऊ देऊ नका. कच्चा तांदूळ पोटात फुगून कोंबडी मरते म्हणतात, त्यात तथ्य नाही.

तुमच्याकडे मागे सगळी फरशी असेल तर बारीक खडी वाडग्यात ठेवा. कोंबडीला दात नाहीत, दाणा दळला जातो तो पेट्यात, आणि जातं म्हणजे हे खडे. समुद्रावरची वाळू आणू नका, खारी असते.

पावसाळ्यात आपल्याकडे खाद्याला बुरशी धरायला चार दिवस पुरतात. घट्ट झाकणाचा डबा, आणि महिनाभर पुरेल एवढंच आणा. बुरशी आलेला पाव ‘कोंबड्यांना घालू’ म्हणून बाजूला ठेवायची सवय बहुतेक घरांत असते, ती मोडा. मक्यावर आणि शेंगदाण्यावर येणाऱ्या बुरशीचं विष थेट कलेजीवर जातं.

आता तुम्ही करायचं ते असं: दोन आठवडे भात, पोहे, पाव पूर्ण बंद. फक्त लेयरचं खाद्य, शिंपल्या, पाणी आणि थोडा पाला. एवढ्यात कवच सुधारायला हवं. नाही सुधारलं, किंवा एखादी फुगून कोपऱ्यात बसायला लागली, तर थांबू नका, पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि चौघींपैकी एखादी अजून तलंग असेल, अंड्यावर आलेली नसेल, तर तिचं ताट वेगळं करा. अठराएक आठवड्यांच्या आत लेयरच्या खाद्यातलं एवढं कॅल्शियम तिच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. तिला ग्रोअरचं, म्हणजे वाढीच्या वयातल्या कोंबड्यांचं खाद्य.