मन लागत नाही, तरी बसायचे का? विश्वासूपणाविषयी वाचकांचे प्रश्न

गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आत्म्याच्या फळाचे नऊ गुण दिले आहेत. विश्वासूपणा त्यात सातवा. या गुणाविषयी आलेल्या पत्रांमध्ये शिकवणीवरचे प्रश्न थोडे आणि रोजच्या अडचणी जास्त आहेत, हे बरेच झाले. त्यातली निवडक पत्रे थोडक्यात देऊन उत्तरे देत आहोत.

प्रश्न : रोज सकाळी अर्धा तास शास्त्रवाचन आणि प्रार्थना करायचे ठरवते. दोन-तीन आठवडे चालते, मग मन कोरडे पडते. मन लागत नसताना नुसते बसणे हे ढोंग नाही का?

नाही. नसलेली भावना असल्याचे दाखवणे हे ढोंग. मन कोरडे आहे हे देवाला सांगून बसणे ही प्रार्थनाच आहे. स्तोत्र 88 काढून पाहा. ते अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते, तरी स्तोत्रसंहितेत त्याला जागा मिळाली. दानीएल 6:10 मध्ये राजाखेरीज कोणाकडेही प्रार्थना करू नये या मनाईहुकमावर सही झाल्याचे कळल्यावरही दानीएल नेहमीसारखा दिवसातून तीन वेळा गुडघे टेकतो. त्या दिवशी त्याला आत काय वाटत होते, याबद्दल एक अक्षरही लिहिलेले नाही.

हा कोरडेपणा जुनाच आहे. इजिप्तच्या वाळवंटात राहिलेला आणि इ. स. 399 मध्ये वारलेला साधू इव्हाग्रिअस याने त्याचे वर्णन करून ठेवले आहे. तो म्हणतो, हा कोरडेपणा सकाळी दहाच्या सुमारास येतो आणि दुपारी दोनपर्यंत छळतो. सूर्य हलेनासा वाटतो, नजर सारखी खिडकीकडे जाते, जेवणाची वेळ किती लांब आहे हे पाहिले जाते. मग जागा नकोशी होते, काम नकोसे होते, आणि शेवटी वाटू लागते की इथल्या बंधूंमध्ये प्रेमच उरले नाही. खिडकीच्या जागी मोबाइल ठेवला तर वर्णन आजही तंतोतंत लागू पडते. त्याचा उपाय साधा होता : खोली सोडायची नाही, आणि स्तोत्र 42 मधला प्रश्न स्वतःच्या जिवाला विचारायचा, की तू का खिन्न झालास?

आता मापाविषयी. सुरुवातीला अर्धा तास जास्त होतो. पंधरा मिनिटे धरा : दोन मिनिटे गप्प बसणे, तीन मिनिटांत एक स्तोत्र मोठ्याने वाचणे, पाच मिनिटे शुभवर्तमानातली दहा-बारा वचने, पाच मिनिटे प्रार्थना. प्रार्थनेची यादी चाळीस नावांची असेल तर ती वाचण्यातच वेळ जातो. आठवड्याच्या प्रत्येक वारी तीन-चार नावे वाटून द्या. वेळ ठरवताना "लवकर उठेन" एवढे म्हणून भागत नाही, कारण झोपायची वेळ तीच राहते. आधीपासून रोज होत असलेल्या एखाद्या गोष्टीला ही वेळ जोडा, उदाहरणार्थ तोंड धुतल्यानंतर आणि मोबाइल हातात घेण्यापूर्वी.

वर्षभरात संपूर्ण पवित्र शास्त्र वाचायचा संकल्प बहुतेकांचा लेवीय या तिसऱ्या पुस्तकाच्या आसपास मोडतो. त्याचे कारण गणितात आहे. प्रॉटेस्टंट बायबलात 1189 अध्याय आहेत, म्हणजे रोज सव्वातीन. पाच दिवस चुकले की सोळा अध्यायांची थकबाकी होते, आणि माणूस वाचनाला नव्हे, थकबाकीला कंटाळून सोडतो. त्यापेक्षा चार शुभवर्तमाने घ्या. त्यांचे 89 अध्याय आहेत, रोज एक वाचला तर तीन महिन्यांत पुरे होतात. दिवस चुकला तर तो सोडून द्या आणि आजचा भाग आज वाचा. भरपाई करू नका. मात्र सलग तिसरा दिवस चुकला तर कारण शोधा : वेळ चुकीची आहे, जागेत गोंगाट आहे, की कोणाशी भांडण झाले आहे आणि म्हणून देवापुढे यायचे टाळले जाते आहे? तिसरे कारण आपण समजतो त्यापेक्षा जास्त वेळा सापडते.

एक अपवाद. झोप उडाली आहे, जेवण जात नाही, कशातच रस नाही आणि असे दोन आठवड्यांहून अधिक चालले आहे, तर हा प्रश्न केवळ प्रार्थनेचा नाही. डॉक्टरांना भेटा. तोवर एक स्तोत्र पुरे.

प्रश्न : मी अनेक वर्षे मंडळीचा खजिनदार आहे. नवीन पाळकांनी अर्पण दोघांनी मिळून मोजायचा नियम केला. हा माझ्यावर अविश्वास नाही का?

2 राजे 12:15 हे वचन अशा वेळी हमखास पुढे केले जाते. मंदिराच्या दुरुस्तीचा पैसा ज्यांच्या हाती दिला त्यांच्याकडून हिशेब मागत नसत, कारण ते सचोटीने वागत. वचन खरे आहे, पण त्याच अध्यायातले दहावे वचनही वाचा. पेटीत पैसा साठला की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक असे दोघे येऊन तो मोजत आणि थैल्यांत भरत. मोजणी दोघांची आधी, विश्वास नंतर. पौलानेही यरुशलेमेसाठी गोळा केलेली मदत तीताबरोबर पाठवताना मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक बंधू सोबत दिला. कोणी दोष लावू नये आणि जे योग्य ते केवळ प्रभूपुढे नव्हे तर माणसांपुढेही दिसावे, असे त्याने लिहिले आहे (2 करिंथ 8:18-21). तुमच्या पाळकांच्या नियमाने सर्वांत जास्त संरक्षण तुमचेच होते. उद्या कोणी बोट दाखवले तर एकट्याने मोजणाऱ्याकडे दाखवायला काहीच नसते.

नियम नीट चालवायचा तर काही गोष्टी पाळाव्या लागतात. मोजणारे दोघे एकमेकांचे नातलग नसावेत. पती-पत्नी तर नकोच. उपासना संपल्यावर त्याच इमारतीत मोजणी व्हावी, पिशवी कोणाच्या घरी जाऊ नये. दोघांनी वेगवेगळे मोजून आकडे जुळवावेत. कोणत्या किमतीच्या किती नोटा आणि किती नाणी हे कागदावर लिहून दोघांनी शाईने सही करावी. चुकलेला आकडा एका रेघेने खोडून शेजारी बरोबर आकडा लिहावा, त्यावर गिरवू नये. रक्कम बँकेच्या पुढच्या कामाच्या दिवशी भरावी. मोजणारी जोडी दर दोन-तीन महिन्यांनी बदलावी. वही आणि बँकेचे विवरण दर महिन्याला तिसऱ्याच माणसाने ताडून पाहावे, ज्याला धनादेशावर सहीचा अधिकार नाही.

गडबड बहुधा चोरीने सुरू होत नाही, सोयीने होते. फुलांचे पैसे अर्पणाच्या ताटातूनच दिले जातात, मग तेवढी जमा वहीत कधी येतच नाही. कोणी गरजू दारात उभा असतो, त्याला त्यातूनच मदत होते. खजिनदार स्वतःच्या अडचणीला थोडे उचलतो आणि "सोमवारी टाकतो" म्हणतो. सोमवारी टाकलेही जातात. पण पुढच्या वेळी मुदत वाढते. म्हणून आलेले अर्पण पूर्ण मोजून पूर्ण भरायचे, आणि किरकोळ खर्चासाठी ठराविक रक्कम वेगळी ठेवून पावतीवरच द्यायची. विशिष्ट कामासाठी आलेले दान त्याच कामाला लावायचे. हिशेबात कमी पडले तर स्वतःच्या खिशातून भरू नका, फरक वहीत लिहा. ते औदार्य दिसते, पण त्याने चूक कुठे झाली हे कायमचे झाकले जाते. थोडक्याविषयी विश्वासू असण्याबद्दलचे प्रभूचे शब्द (लूक 16:10) पैशाच्याच संदर्भात आले आहेत, हे विसरून चालणार नाही.

प्रश्न : आईच्या आजारपणात मी नवस केला की ती बरी झाली तर आयुष्यभर दर शुक्रवारी निर्जळी उपास करीन. आई बरी झाली. आता मला मधुमेह आहे, इन्शुलिन चालू आहे. उपास सोडला तर मी देवाशी बेइमान ठरेन का?

आधी तब्येत. इन्शुलिन चालू असताना निर्जळी उपास केला तर साखर एकाएकी घसरून शुद्ध हरपू शकते. येत्या शुक्रवारचा उपास करू नका आणि डॉक्टरांशी बोला.

आता नवस. उपदेशक 5:4-5 स्पष्ट आहे : नवस केला तर फेडायला उशीर नको, न फेडण्यापेक्षा न केलेला बरा. पण लेवीय 5:4-6 मध्ये अविचाराने तोंडातून शपथ निघून गेलेल्या माणसासाठी पाप कबूल करून अर्पण आणायची वाट नियमशास्त्रानेच ठेवली आहे. इफ्ताह (शास्ते 11) आणि हेरोद (मार्क 6) यांनी शब्द पाळला आणि त्याची किंमत निरपराधाने मोजली : एकाच्या मुलीने, दुसऱ्याच्या कैदेतल्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने. स्तोत्र 15:4 मध्ये स्वतःचे नुकसान सोसून शपथ पाळणाऱ्याची स्तुती आहे, म्हणून नवसाने पैसा किंवा आराम जात असेल तर पाळावा. जीव धोक्यात येत असेल तर तो बदलावा, असे आमचे मत.

काय करावे? नवस नेमका कोणत्या शब्दांत केला होता ते लिहून काढा. "निर्जळी" आणि "आयुष्यभर" हे शब्द तेव्हाचे आहेत की नंतर धाकाने जोडले गेले, हे तपासा. तुम्ही कॅथलिक असाल तर तुमच्या धर्मग्रामाच्या धर्मगुरूंना योग्य कारणासाठी खासगी नवसातून मोकळे करायचा अधिकार आहे (कॅथलिक चर्चच्या कायद्यातले कलम, कॅनन 1196). तितक्याच किंवा अधिक चांगल्या कृत्यात नवस बदलणे तर नवस करणाऱ्यालाही करता येते (कॅनन 1197). इतर मंडळ्यांत बहुधा अशी लेखी तरतूद नसते. तिथे पाळकांना सांगून त्यांच्यासोबत प्रार्थना करा. शुक्रवार मात्र सोडू नका. वेळेवर साधे जेवण घ्या आणि एका भुकेल्याला जेवू घाला. यशया 58:7 मधला उपास तोच आहे. एकदा ठरले की दर शुक्रवारी नव्याने खल करत बसू नका. आणि आईचे बरे होणे हा सौदा नव्हता, त्यामुळे तो "मोडल्याने" ती पुन्हा आजारी पडेल ही भीती मनातून काढा.

प्रश्न : मत्तय 25 मध्ये धन्याचा पैसा सुरक्षित पुरून ठेवणारा दास दोषी का? त्याने काही गमावले तर नाही.

दृष्टांतात धनी तीन दासांकडे पाच, दोन आणि एक तालांत सोपवून जातो. पहिले दोघे ते दुप्पट करतात, तिसरा आपला एक पुरून ठेवतो. रक्कम लहान नव्हती. एक तालांत म्हणजे सुमारे 6000 दिनार, आणि दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे जवळजवळ वीस वर्षांची कमाई. जमिनीत पुरणे ही त्या काळी रक्षणाची चांगली रीत मानली जाई, त्यामुळे ऐकणाऱ्यांना त्याचे वागणे शहाणपणाचेच वाटले असेल. दोष 24 व्या वचनात आहे : धनी कठोर आहे असे त्याने धरून चालले. पाच आणि दोन मिळालेल्या दासांना 21 आणि 23 व्या वचनांत एकसारखीच शाबासकी मिळते, कमाई वेगळी असूनही.

प्रश्न : प्रार्थनागटात एका बहिणीने सांगितले की नवरा तिला मारतो, आणि कोणाला न सांगण्याची शपथ घातली. गप्प राहणे हाच विश्वासूपणा का?

नीतिसूत्रे 11:13 प्रमाणे विश्वासू माणूस गुपित झाकतो, आणि "प्रार्थनेसाठी म्हणून सांगते" या वाक्याने जितकी गुपिते फुटतात तितकी चहाडीनेही फुटत नसतील. पण जिवाच्या धोक्याला हा नियम लागू नाही. लेवीय 5:1 प्रमाणे साक्ष मागितली असता माहिती असून गप्प बसणारा दोषी ठरतो.

तिच्या नकळत नवऱ्याला जाब विचारायला जाऊ नका. तिने बाहेर सांगितले हे कळल्यावर मारहाण वाढू शकते. मत्तय 18:15 (अपराध करणाऱ्याला एकांतात त्याचा दोष दाखव) दाखवून तिला एकटीने त्याच्याशी बोलायला पाठवू नका, दोघांना एकत्र समुपदेशनालाही बसवू नका. तिला काय हवे आहे ते विचारा. जखमा डॉक्टरांना दाखवून नोंद ठेवणे, कागदपत्रे आणि थोडे पैसे दुसऱ्या घरी ठेवणे, रात्री-अपरात्री जाता येईल असे एक घर ठरवणे, एवढे गट करू शकतो. मुलांना इजा होत असेल किंवा तिचा जीव धोक्यात असेल तर पोलिसांना कळवावेच लागेल. शक्य असेल तर ते करण्यापूर्वी तिला सांगा. आणि इथून पुढे गटाच्या सुरुवातीलाच स्पष्ट करा : इथले इथेच राहील, कोणाच्या जिवाला धोका असेल ते सोडून.

प्रश्न : मी तरुणांच्या गटाची जबाबदारी अर्ध्यावर टाकून निघून गेलो होतो. परत यायचे आहे. लोक पुन्हा विश्वास ठेवतील का?

पौल आणि बर्णबा यांच्या सुवार्ताफेरीत सोबत असलेला मार्क पंफुल्यात पौलाला सोडून परत गेला (कृत्ये 13:13). पुढच्या फेरीत पौलाने त्याला न्यायला साफ नकार दिला आणि त्यावरून पौल-बर्णबांची फारकत झाली. बर्णबाने मार्कला सोबत घेतले. पुष्कळ वर्षांनी 2 तीमथ्य 4:11 मध्ये पौल त्याला बोलावतो, कारण तो सेवेसाठी उपयोगी आहे. मधली वर्षे शास्त्रात जवळजवळ कोरी आहेत.

म्हणून लगेच जुनी जबाबदारी मागू नका. ज्यांना अडचणीत टाकले त्यांची नाव घेऊन, कारणे न जोडता क्षमा मागा. मग लहान आणि मुदतीचे काम घ्या, उदाहरणार्थ तीन महिने खुर्च्या मांडणे किंवा हजेरी घेणे. येता येणार नसेल तर आदल्या दिवशी कळवा. मुदत संपल्यावर पुढचे काम तुम्ही नव्हे, त्यांनी सुचवू द्या.