तो धूर कसला होता?

प्रिय,

तुझा शहापूरकडचा लेख दोनदा वाचला, एकदा दादरहून घरी येताना लोकलमध्ये उभ्याउभ्या आणि नंतर घरी पेन घेऊन. राग येणार नाही असं म्हणाली होतीस म्हणून सगळं सरळ लिहितेय.

तुझ्या लेखात पहिल्याच परिच्छेदात 'डोंगराने धुराची निळसर दुलई पांघरली होती' असं वाक्य आहे. वाचायला छान आहे, पण अगं, मे महिन्यात तिकडे संध्याकाळी धूर दिसतो तो बहुतेक राबाचा असतो. भाताची रोपं जिथे करायची तेवढ्या तुकड्यावर शेण, झाडाच्या फांद्या, पालापाचोळा, गवत असे थर लावतात, वर माती टाकतात आणि पाऊस यायच्या आत ते भाजून काढतात, म्हणजे तणाचं बी जळतं, माती भुसभुशीत होते आणि रोप जोमाने येतं. त्यासाठी बायका आधी कितीतरी दिवस डोक्यावरून पाला वाहून आणतात. तू 'दुलई' म्हणालीस आणि हे सगळं त्या दुलईखाली गेलं. तो धूर कसला, एवढं कुणाला तरी विचारलं असतंस तर तुला 'राब' हा शब्द मिळाला असता, आणि तो तुझ्या दुलईपेक्षा शंभरपट जास्त काहीतरी दाखवतो. माझं उपमेशी भांडण नाहीये, पण उपमा आपण आपल्या घरून नेतो, त्या गावात काय आहे ते तिला माहीत नसतं, म्हणून आधी विचारायचं आणि मग उरलीच गरज तर उपमा.

दुसरं, पाणी. हंडे घेऊन चाललेल्या बायकांना तू 'रंगीबेरंगी रांग' म्हटलंयस आणि त्यांच्या चालण्याला लय आहे असंही लिहिलंयस. मी पण हे केलंय. खूप वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात मी अगदी असंच लिहिलं होतं, सगळ्यांनी कौतुक केलं, आणि पुढच्या वर्षी त्याच पाड्यावर गेले तेव्हा एका बाईने मला विहिरीवर नेलं. टँकर येऊन विहिरीत पाणी ओतून गेला होता, खाली चिखलासारखं पाणी, आणि बायका दोरीला डबे बांधून ते निवळायची वाट बघत बसलेल्या. ती काही बोलली नाही, नुसती डोक्यावरची चुंबळ काढून माझ्या हातात दिली. जुन्या लुगड्याची, ओली, दाबून दगडासारखी झालेली. तेव्हापासून मला 'लय' हा शब्द तिथे वापरता आलेला नाही.

आणि हे आपण मुंबईत बसून लिहितो हे विसरू नकोस. आपल्या शहराला सात तलावांतून पाणी येतं, त्यातलं जवळजवळ निम्मं एकट्या भातसाचं. भातसा शहापूर तालुक्यात, 1892 साली बांधून झालेला तानसाही त्याच तालुक्यात, आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या गावांना टँकर. तुझ्या घरी सकाळी नळ सोडलास की तो लेख तुझ्याच बेसिनमध्ये येऊन पडतो. लेखात तू तिथे 'पाहुणी' म्हणून वावरतेस, पण तू पाहुणी नाहीस, त्या पाण्याची गिऱ्हाईक आहेस. हे एक वाक्य कुठेतरी यायलाच हवं.

बोलीबद्दल मात्र मी जरा कडक बोलणार आहे. त्या आजींच्या तोंडी तू 'व्हय जी', 'न्हाय बा' घातलंयस. ही भाषा शहापूरची नाही गं, ही सातारा-कोल्हापूरकडची, ती पण सिनेमातून आपल्या कानात बसलेली. खेडं म्हटलं की सगळीकडे एकच बोली चिकटवायची ही सवय फार जुनी आहे. रेकॉर्डिंग असेल तर ऐक आणि जसं आहे तसं लिही, नसेल तर साध्या मराठीत लिही.

'काळ इथे थांबलाय' हे वाक्य काढून टाक. तुझ्याच फोटोत मागे जो मुलगा बाइकला किक मारतोय तो भिवंडीच्या गोडाऊनला रात्रपाळीला निघालाय, तूच मला फोनवर सांगितलंस. मग लेखात तो का नाही?

वाचायचं काय म्हणून विचारलं होतंस. गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' परत काढ. वरसईचा कर्जात असलेला भिक्षुक, दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेला आणि 1857 च्या धामधुमीत सापडला, पुस्तक छापून आलं ते 1907 साली. आपण कशासाठी निघालो हे त्याने लपवलेलं नाही, म्हणून त्याच्या डोळ्यांवर विश्वास बसतो. आणि इरावतीबाई कर्व्यांचा वारीवरचा 'वाटचाल' हा लेख. वारीत सगळे एक होतात असं लिहून मोकळं होणं किती सोपं होतं, पण एकत्र अभंग म्हणत चालणारी तीच माणसं जेवायला मात्र जातीप्रमाणे वेगळी बसतात हे त्यांनी पाहिलं, आणि त्याचा त्यांना त्रास झाला तेही लिहिलं. तरी वारीवरचं प्रेम कुठे कमी होत नाही.

आता तुझं खरं वाक्य. पान तीन, मधोमध: 'आजींनी हंडा उतरवला तरी त्यांची मान थोडा वेळ तशीच ताठ राहिली.' हे वाचून मी लोकलमध्ये फोन खाली ठेवला. यात एक पण विशेषण सजावटीचं नाही, कुठलीही उपमा नाही, आणि ती बाई माझ्यासमोर उभी आहे. हे तुला दिसलं म्हणजे तुझी नजर पक्की आहे, फक्त त्याच्या आजूबाजूला 'टुमदार', 'निरागस', 'साधीभोळी' अशी जी गर्दी झालीय ती हटव. साधीभोळी तर अजिबात नको, पाण्याचा आणि रेशनचा हिशोब त्या आजींइतका तुलामला जमणार नाही.

रविवारी सकाळची कसारा लोकल पकड, आसनगावला उतर, पुढे एसटी मिळेल. लेखाची प्रिंट घेऊन जा आणि आजींना सगळा वाचून दाखव. त्या कुठे हसतात, कुठे गप्प होतात आणि कुठे म्हणतात की असं नसतं पोरी, तिथे पेन्सिलने खूण कर. पाऊस सुरू व्हायच्या आत जा, नंतर लावणीत त्यांना वेळ नसेल.

तुझी,
ताई